छप्पर बदलण्यापूर्वी



गेल्या अंकात या पानावर आम्ही सांडपाण्याच्या शोषखड्ड्याविषयी लिहिले होते. या वेळी शेतातून उठून जरा घरात येऊ. घर आणि आरोग्य यांचा संबंध आपण क्वचितच जोडतो. आजार झाला की आपण पाण्याचा, खाण्याचा, डासांचा विचार करतो. छपराचा विचार कोणी करीत नाही. परंतु माणूस जेवतो दोनदा, पाणी पितो दहादा, आणि घरातली हवा घेतो रात्रंदिवस.

मागच्या वर्षी ईस्टरनंतर नेहमीप्रमाणे घरांना आशीर्वाद देत आम्ही खानापूर तालुक्यातल्या एका वाडीत गेलो होतो. एका घरी मुलाने गोव्यात गवंडीकाम करून, काही कर्ज काढून, स्लॅबचे नवे घर बांधले होते. दोन खोल्या, स्वयंपाकाचा कट्टा, गुळगुळीत फरशी. प्रार्थना झाली, चहा झाला. निघताना घरातल्या आजी हळूच म्हणाल्या, "घर झालं की ओ फादर, पण झोप गेली."

चौकशी करता कळले की आजी रात्री नव्या घरात झोपतच नाहीत. मागच्या गोठ्यात, जुन्या कौलांखाली बाज टाकून त्या झोपतात. आणि त्याच गोठ्याची कौले उतरवून त्यावर सिमेंटचे पत्रे घालायचे त्या आठवड्यात ठरले होते. पत्रे येऊन अंगणात पडले होते. दोनतीन पत्रे फुटले होते, आणि त्यांच्या तुकड्यांवर मुले खेळत होती.

यात दोष कोणाचा? मुलाचा नव्हे. त्याने आईच्या सुखासाठीच घाम गाळला होता. त्याला एवढेच कोणी सांगितले नव्हते की छप्पर बदलले म्हणजे नुसते छप्पर बदलत नाही. त्याबरोबर घरातली हवा, धूर, ओल आणि झोप हे सारे बदलते. आजचा धडा एवढाच आहे.

जुने घर कसे चालत असे

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. जुन्या घरांचे गोडवे गाण्यासाठी आम्ही लिहीत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्यात जो पाऊस आणि पूर झाला, त्यात मातीच्या भिंतींची घरे मोठ्या संख्येने कोसळली, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. दरवर्षी कौले चाळा, वाळवी लागलेला वासा बदला, उंदीर-विंचवाला जपा, हा त्रास ज्यांनी काढला त्यांना पक्के घर हवेसे वाटले तर त्यात नवल नाही.

पण ते घर टिकत होते कशावर, हे समजून घेतले पाहिजे. दगडी जोते, मातीची जाड भिंत, बाहेर लांब आलेली वळचण, वर उंच आढे आणि मंगलोरी कौले. (मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून हे नाव पडले.) जाड भिंत दिवसाची उष्णता हळूहळू घेई. कौलाकौलांमधल्या फटींतून चुलीचा धूर आणि गरम हवा वर निघून जाई. त्याच धुराने वाशांना कीड कमी लागे. वळचण भिंतीला पावसापासून वाचवी. म्हणजे चूल, भिंत आणि छप्पर यांचा एकमेकांशी करार होता. आपण त्यातले एक काढून दुसरे बसवतो आणि बाकीचे तसेच ठेवतो. तिथे करार मोडतो.

उष्णता

सिमेंट-काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री तेच खोलीत सोडतो. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत स्लॅबच्या घरात बाहेरच्यापेक्षा रात्री अधिक उकडते. पत्र्याचे छप्पर याउलट पटकन तापते. दुपारी त्याखाली बसवत नाही. कौलारू छप्पर उंच, उतरते आणि फटीचे असल्याने लवकर निवते.

हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नाही. दिवसाच्या उन्हाने थकलेले शरीर रात्री निवते. ते निवले नाही तर म्हातारी माणसे, तान्ही मुले, गरोदर स्त्रिया आणि हृदयविकाराचे रोगी यांच्यावर भार पडतो. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत उष्णतेची लाट आली, तेव्हा नेहमीपेक्षा सुमारे १,३०० अधिक माणसे दगावली. त्यावरून धडा घेऊन त्या शहराने २०१३ साली उष्णतेपासून बचावाची योजना आखली. पुढे वस्त्यांतल्या छपरांना पांढरा चुना लावण्याचे कामही तेथे झाले. पांढरे छप्पर ऊन परतवते, आणि खोलीतली उष्णता साधारण दोन ते पाच अंशांनी उतरते. चुन्याच्या एका पिशवीचे हे काम आहे.

धूर

आमच्या फेऱ्यांत वारंवार दिसते ते असे: घर स्लॅबचे झाले, पण चूल तीच. गॅस आला आहे. २०१६ पासून उज्ज्वला योजनेत पुष्कळ घरांना शेगडी मिळाली. तरी सिलिंडर महाग पडतो म्हणून अंघोळीचे पाणी, भाकरी आणि गुरांची आंबोण चुलीवरच होते. पूर्वी तो धूर कौलांतून जाई. आता वर सपाट काँक्रीट आहे. धूर जाणार कोठे? तो सुनेच्या आणि तिच्या कडेवरच्या मुलाच्या छातीत जातो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे, घरातल्या चुलींच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे मेली. त्यांत पाच वर्षांखालील दोन लाखांहून अधिक बालके होती. न्यूमोनिया, जुनाट खोकला, हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसाचा कर्करोग, मोतीबिंदू या सर्वांशी या धुराचा संबंध आढळला आहे. तंबाखूला कधी न शिवलेल्या स्त्रीला विडी ओढणाऱ्यासारखा खोकला का, याचे उत्तर स्वयंपाकघराच्या छताकडे पाहिले की मिळते. काळे झालेले छत हे घराचे एक्स-रे चित्रच समजावे.

ओल आणि कोंदटपणा

आपला मुलूख पावसाचा. कणकुंबी-जांबोटीकडे तर चार महिने कपडे वाळत नाहीत. अशा ठिकाणी ओल भिंतीत अडकली की बुरशी येते. आणि बुरशीने मुलांना दमा, सर्दी, खोकला जडतो. येथे एक चूक फार होते. मातीच्या जुन्या भिंतीला "पक्की" करायची म्हणून वरून सिमेंटचा गिलावा मारतात. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटने तिची बाहेर जाण्याची वाट बंद होते. ओल आत साचते, भिंत आतून कुजते, आणि एके दिवशी गिलाव्यासकट खाली येते. मातीच्या भिंतीला मातीचा किंवा चुन्याचाच गिलावा द्यावा.

बंद, अंधाऱ्या खोलीचा दुसरा मित्र म्हणजे क्षयरोग. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. वारा त्यांना पांगवतो आणि सूर्यप्रकाश त्यांना मारतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल या परिचारिकेने १८५९ च्या अखेरीस निघालेल्या आपल्या शुश्रूषेवरील पुस्तकात निरोगी घरासाठी पाच गोष्टी सांगितल्या होत्या: शुद्ध हवा, शुद्ध पाणी, सांडपाण्याचा निचरा, स्वच्छता आणि उजेड. दीडशेहून अधिक वर्षे झाली, ही यादी अद्याप जुनी झालेली नाही.

सिमेंटचे पत्रे

आता अंगणातल्या त्या पत्र्यांविषयी. ज्यांना आपण सिमेंटचे पत्रे म्हणतो, त्यांपैकी पुष्कळांत अॅस्बेस्टॉस नावाच्या खनिजाचे तंतू मिसळलेले असतात. हे तंतू इतके बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत. पत्रा कापला, भोके पाडली, फोडला किंवा घासला की ते हवेत उडतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन बसतात. शरीर त्यांना विरघळवू शकत नाही. दहा, वीस, कधी चाळीस वर्षांनी त्यांतून फुप्फुसे ताठर होण्याचा रोग, फुप्फुसाचा कर्करोग किंवा फुप्फुसावरच्या आवरणाचा कर्करोग होतो. विडी-सिगरेट ओढणाऱ्याच्या बाबतीत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो.

अॅस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगकारक आहेत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ठरवले आहे. पन्नासाहून अधिक देशांनी त्यावर बंदी घातली आहे. आपल्याकडे १९८६ साली त्याच्या खाणींना नवे परवाने देणे थांबले, आणि १९९३ साली जुन्यांचे नूतनीकरणही थांबले. पण परदेशातून खनिज आणून पत्रे बनवण्यास बंदी झाली नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने या धंद्यातल्या कामगारांच्या आरोग्याची नोंद चाळीस वर्षे ठेवावी, असा आदेश दिला. चाळीस वर्षे का, हे वरच्या मजकुरावरून आपल्या ध्यानात येईल.

येथे आम्हांला आमची स्वतःची चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी मिशनच्या आवारातली सायकलींची शेड दुरुस्त करताना पत्रे यंत्राने कापले गेले. पडलेला पांढरा भुगा आम्ही शाळेच्या मुलांकडून केरसुणीने झाडून घेतला, आणि श्रमदान म्हणून त्यांचे कौतुकही केले. आम्हांला ठाऊक नव्हते. पण भुग्याला आमचे अज्ञान काय समजणार?

तरीही घाबरून जाऊ नका. छपरावर नीट बसलेला, न फुटलेला पत्रा त्याखाली झोपणाऱ्याला लगेच आजारी पाडत नाही. धोका आहे तो कापण्यात, फोडण्यात, खरवडण्यात आणि झाडण्यात. म्हणून घाईने पत्रे उपटून टाकू नका. ते अधिक वाईट.

शेताचे आणि नदीचे देणे

आतापर्यंत घरातल्या हवेचा विचार झाला. घराबाहेरचा हिशेबही पाहू, कारण हे शेतीचे पान आहे. एक भाजलेली वीट सुमारे तीन किलोची असते. दहा हजार विटा लागल्या तर तीस टन माती झाली, म्हणजे ट्रॅक्टरच्या आठ-दहा ट्रॉल्या. ही माती पुष्कळदा शेताच्या वरच्या थरातून जाते. चार पैशांसाठी आपण शेताची साय विकतो. तो थर पुन्हा बनायला शेकडो वर्षे लागतात. वीटभट्टीचा धूर वेगळाच.

वाळूसाठी नदीचे पात्र खरवडले की पात्र खोल जाते आणि काठच्या विहिरींचे पाणी उतरते. सिमेंट करण्यासाठी चुनखडी सुमारे १,४५० अंशांपर्यंत भाजावी लागते. त्या भट्टीच्या इंधनातून आणि खुद्द चुनखडीतून जो कार्बन वायू निघतो, तो माणसाने जगभर सोडलेल्या अशा वायूच्या सुमारे ७ ते ८ टक्के आहे. हवामान बिघडते, पाऊस अवेळी कोसळतो, आणि पुन्हा घरेच पडतात. सिमेंट वापरू नका असे आम्ही म्हणत नाही. मिठासारखे वापरा, एवढेच म्हणतो.

ज्यांनी वाट दाखवली

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली खेड्यांच्या कामासाठी 'अस्त्र' नावाचे केंद्र सुरू झाले. त्यांनी मातीत थोडे सिमेंट मिसळून यंत्राने दाबलेले, न भाजता वापरायचे ठोकळे तयार केले. धुराडे असलेली 'अस्त्र ओले' ही चूलही त्यांचीच. 'ओले' म्हणजे कानडीत चूल, हे सीमाभागातल्या वाचकांना सांगायला नकोच.

दुसरे नाव लॉरी बेकर यांचे. १९१७ साली इंग्लंडात जन्मलेला हा वास्तुशिल्पी कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी भारतात आला आणि येथलाच झाला. २००७ साली तिरुवनंतपुरमला वारला. तरुणपणी मुंबईत गांधीजींची भेट झाली, तेव्हा घराचे सामान पाच मैलांच्या आतले असावे हा विचार त्यांनी ऐकला आणि जन्मभर पाळला. विटा आडव्या न लावता धारेवर उभ्या लावून भिंतीत पोकळी ठेवायची, ही रीत त्यांनी केरळात रुजवली. तिने विटा सुमारे चौथ्या हिश्शाने वाचतात आणि पोकळीमुळे घर थंड राहते. स्लॅबच्या खालच्या भागात, जिथे काँक्रीटवर भार नसतो तिथे, जुनी कौले भरून काँक्रीट वाचवण्याची युक्तीही त्यांनीच प्रचारात आणली. तेव्हा जुने घर उतरवाल तर कौले मातीमोलाने विकू नका. ती नव्या स्लॅबच्या पोटात कामाला येतील. मात्र हे काम जाणत्या गवंड्याकडून किंवा इंजिनियरच्या सल्ल्यानेच करावे.

आपण काय करावे

१. स्लॅब झालाच असेल तर मार्च लागण्यापूर्वी तो स्वच्छ करून वर चुन्याचे दोन हात द्या. चुना धरून राहावा म्हणून त्यात थोडा डिंक घाला.

२. खिडक्या समोरासमोर ठेवा. खोली दहा बाय बारा फुटांची असेल तर खिडक्या मिळून निदान बारा चौरस फूट असाव्यात. पावसाळी गावात वीसपर्यंत. छताजवळ एक झरोका जाळी लावून उघडा ठेवा, म्हणजे गरम हवा निघून जाईल.

३. चूल ठेवायचीच असेल तर धुराड्याची ठेवा, आणि धुराडे छपराच्या वर दोनतीन फूट न्या. ते महिन्यातून एकदा साफ करा. शक्य तर अंघोळीच्या पाण्याची चूल बाहेर पडवीत हलवा. चुलीपाशी तान्हे मूल नको.

४. मातीचे घर राखायचे असेल तर जोते दगडाचे, दोन फूट उंच करा. वळचण दोन-अडीच फूट बाहेर काढा. पागोळ्यांचे पाणी चर काढून दूर न्या. भिंतीला सिमेंटचा गिलावा नको.

५. नवे छप्पर घालताना कौलांचा विचार आधी करा. पत्रेच हवेत तर अॅस्बेस्टॉस नसलेले मागा आणि दुकानदाराकडून तसे बिलावर लिहून घ्या.

६. अॅस्बेस्टॉसचे जुने पत्रे घरावर असतील तर ते घासू नका, शेवाळ खरवडू नका, त्यांवर चढू नका. काढावेच लागले तर पाण्याने भिजवून, न फोडता, अखंड उतरवा. यंत्राने कापू नका. भुगा झाडू नका. ओल्या फडक्याने टिपून फडके पिशवीत बांधा. कामाचे कपडे वेगळे धुवा. फुटके तुकडे अंगणात, वाटेवर किंवा जोत्याच्या भरावात टाकू नका. मुलांना दूर ठेवा.

७. दारे-खिडक्यांचा जुना तेलरंग कोरडा घासू नका. त्यात शिसे असू शकते, आणि शिसे मुलांच्या मेंदूला अपाय करते. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात शिसे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये असा नियम आहे. नवा रंग घेताना डबा वाचा.

आजींचा गोठा

त्या दिवशी आम्ही मुलाला बाजूला घेऊन एवढेच म्हणालो, "आज पत्रे चढवू नका. दोन दिवस थांबा." तो थांबला. न फुटलेले पत्रे दुकानदाराने थोडे पैसे कापून परत घेतले. फुटलेले भिजवून, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून बांधून ठेवले. गोठ्याची कौले चाळून घेतली, दोन वासे बदलले. स्लॅबवर चुना झाला, स्वयंपाकघरात धुराडे आले आणि भिंतीत उंचावर झरोका पडला. या साऱ्याला पत्र्यांच्या खर्चापेक्षा अधिक लागले नाही, असे त्यानेच हिशेब करून सांगितले.

या वर्षी पुन्हा त्या घरी गेलो. सुनेचा खोकला कमी आहे. आजी आता कोठे झोपतात असे विचारले, तर म्हणाल्या, "थंडीत आत, उन्हाळ्यात गोठ्यात. गाईची सवय झालीया नव्हं." त्यांच्या झोपेचा प्रश्न सुटला म्हणायला हरकत नाही.

वाचकहो, कर्ज काढून, हाडे झिजवून आपण एकदाच घर बांधतो. त्यापूर्वी गवंड्याला विटांचा आणि सळईचा हिशेब विचारतोच. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारू या: या घरात वारा कोठून येणार आणि धूर कोठून जाणार?

वाडीच्या बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या वाडीत किती स्वयंपाकघरांची छते काळी आहेत? तिथे कोण किती तास बसते?

२. फुटक्या पत्र्यांचे तुकडे कोठे कोठे पडले आहेत? ते गोळा करताना कोणती काळजी घ्यावी, आणि ते कोठे द्यावेत हे पंचायतीकडे कोण विचारील?

३. या वर्षी आपल्यापैकी कोण घर बांधणार आहे? त्यांच्या उतरवलेल्या कौलांचे काय होणार आहे?